खालाचा फ्रिज आणि मातीतली हवा

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बोलायला सुरुवात करण्याआधी एक काम उरकून घेते. टेबलावर हे दोन डबे आहेत. रंगाचे, वीस-वीस लिटरचे. घर रंगवून झालं की आपण जिन्याखाली टाकून देतो तेच. दोन्हींत माती आहे, दोन्हींना खाली भोकं आहेत, म्हणून परात ठेवलीय. आता दोन्हींत एकेक तांब्या पाणी ओतते. ओतलं. पुढे बसलेल्यांनी जरा लक्ष ठेवा. शेवटी पुन्हा यांच्याकडे येऊ.

टाकाऊ वस्तूंमधली बाग हा विषय निघाला की बहुतेक लोक बाग सुरू कशी करायची ते सांगतात. पिंप कसं कापायचं, भोकं कुठे पाडायची, बी कधी टाकायचं. ते मोबाइलवर तुम्हाला हवं तेवढं बघायला मिळेल. मी बोलणार आहे ते दुसऱ्या वर्षाबद्दल. कारण पहिल्या वर्षी सगळ्यांचीच बाग येते. आमचीही आली होती.

मी सांगलीची. शाळेत भूगोल शिकवते. नववीच्या मुलांना फळ्यावर मृदेचे थर काढून दाखवते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे माझी जी फजिती झाली ती तुम्हाला नीट कळेल.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुमच्यातल्या अनेकांनी टीव्हीवर पाहिला असेल. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. माझी खाला नदीकडच्या भागात तळमजल्यावर राहते. तिच्या घरात छताला लागेपर्यंत पाणी होतं. ती आमच्याकडे आली ती अंगावरच्या कपड्यांनिशी आणि एका पिशवीत कागदपत्रं घेऊन. पाणी उतरल्यावर गल्ल्यागल्ल्यांतून सामानाचे ढीग लागले. गाद्या, कपाटं, वॉशिंग मशीन, धान्याची पिंपं, आणि फ्रिज. किती फ्रिज! खालाचा फ्रिज तिने भिशीच्या पैशांतून घेतलेला. तो भंगारवाल्याला द्यायला तिचा जीव होईना.

त्या ढिगांमधूनच आमची बाग उभी राहिली. मोहल्ल्यातली वीसेक मुलं-मुली एका रविवारी आमच्या गच्चीवर जमली. दुरुस्तीवाल्याला बोलावून फ्रिजमधला गॅस आणि कॉम्प्रेसर काढून घेतला. दार उपटून टाकलं, कारण लहान मूल आत जाऊन बसलं आणि दार लागलं तर गुदमरेल. मग फ्रिज पाठीवर आडवा केला. झाला एक छान लांबट वाफा. दोन निळी पिंपं उभी चिरून चार वाफे केले. त्यात आधी काय होतं याची चौकशी आम्ही केली होती, तुम्हीही करा. रसायनाचं पिंप कितीही धुतलं तरी भाजीला नको. तळाला भोक पडलेली ॲल्युमिनियमची पातेली आणली, तेलाचे पत्र्याचे डबे आणले. एकूण सव्वीस भांडी झाली. भरायला माती हवी होती, आणि माती तर दारात पडली होती. पुराचा गाळ. फुकट, काळा, हाताला लोण्यासारखा. नदीचा गाळ सुपीक असतो हे आपण लहानपणापासून ऐकतो, मी तर शिकवते. सव्वीस भांडी त्या गाळाने काठोकाठ भरली, फोटो काढले, चहा झाला, मुलं घरी गेली.

इथे दोन चुका झाल्या. एक लगेच सांगते. शहरातून आलेल्या पुराच्या गाळात गटारही आलेलं असतं. भाजीसाठी तो वापरायलाच नको होता. दुसरी चूक कळायला वर्ष लागलं.

हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर असं सगळं आलं. खाला सकाळ-संध्याकाळ गच्चीवर. घर गेलेल्या माणसाला सकाळी उठून करायला काहीतरी लागतं. मग मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला. त्या उन्हाळ्यात भाजीच्या गाडीवाल्याला आधी नाव विचारत होते, हे तुम्हाला आठवत असेल. आमच्या गल्लीतल्या दोघांचे गाडे त्यामुळे घरीच उभे राहिले. त्या रमजानमध्ये आमच्या इमारतीतल्या पाच घरांना मिरची, पुदिना आणि कोथिंबीर गच्चीवरून मिळत होती. डोंगर हलवला असं नाही म्हणत मी. पण खाला रोज पाच जुड्या बांधायची आणि मुलांच्या हाती पाठवायची. पुराच्या वेळी जिला सगळ्यांनी दिलं, ती आता देत होती.

मग पावसाळा आला, आणि जुलैअखेर सव्वीसपैकी एकोणीस भांड्यांतली झाडं गेली.

कशी गेली ते ऐका, कारण हेच ओळखायला शिकायचं आहे. पानं दुपारी मान टाकायची. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं. पण माती तर ओली होती! तरी आम्ही पाणी घातलं, कारण सुकलेलं पान दिसलं की हात तांब्याकडेच जातो. पानं पिवळी पडली. मला वाटलं खत कमी पडलं. युरिया आणला. दोन दिवसांत उरलीसुरली झाडंही मेली. वरच्या मातीवर हिरवं शेवाळ धरलं. कोणी म्हणालं, पाच घरांत जुड्या वाटत होता, नजर लागली. कोणी पाणी दम करून आणलं, तेही घातलं. आणि खाला एका संध्याकाळी खाली येऊन म्हणाली, ''मेरे हात को बरकतच नै.'' त्यानंतर ती गच्चीवर गेली नाही. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला.

ऑक्टोबरमध्ये मी भांडी रिकामी करायला घेतली. फ्रिजमधली माती निघेना. फावडं आपटलं तर टण आवाज. शेवटी दोघांनी फ्रिज उलटा केला तेव्हा अख्खी लादी बाहेर पडली, फ्रिजच्या आकाराची. वरची चार बोटं तपकिरी, तिथेच काय ती मुळं, तीही काळपट आणि बोटाने सोललं तर साल सुटून येणारी. त्याखाली राखाडी-निळसर चिखल, आणि वास कुजलेल्या अंड्यांचा.

आमच्या शेजारी तासगावकडचे एक काका राहतात, आयुष्यभर द्राक्षं केलेली. त्यांनी ढेकूळ हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाले, ''मॅडम, ही माती कधी वाफशावरच आली नाही.''

वाफसा. शेतकऱ्याच्या घरातल्या पोरांना हा शब्द माहीत असेल, बाकीच्यांना सांगते. जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, मातीच्या कणांमध्ये ओलही आहे आणि हवाही आहे, अशी जी स्थिती असते तिला वाफसा म्हणतात. वाफशाशिवाय शेतकरी औत घालत नाही. मी भूगोलाच्या पुस्तकात वाचलं होतं की चांगल्या मातीत निम्मी जागा घन कणांची असते आणि उरलेली निम्मी पाणी आणि हवा साधारण सारखी वाटून घेतात. म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा हवा. मी हे मुलांकडून पाठ करून घेत होते, आणि माझ्या डोक्यावरच्या गच्चीत सव्वीस भांड्यांमध्ये हवा शून्य होती!

मुळांना श्वास घ्यावा लागतो. प्राणवायू मिळाला नाही की मूळ पाणी ओढायचं थांबवतं, मग कुजतं. म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानल्यासारखं मान टाकतं. आपण त्याला आणखी पाणी देतो.

हे जमिनीत का होत नाही आणि डब्यात का होतं? जमिनीत गांडुळं आहेत, मुंग्या आहेत, खोल जाणारी मुळं आहेत, उन्हाळ्यात भेगा पडतात. माती मोकळी करणारे हजार मजूर तिथे फुकट राबतात. डब्यात कोणी नाही. उलट आपण रोज वरून पाणी आपटतो, बारीक कण खाली जाऊन बसतात, खत कुजून विरून जातं आणि त्याने धरून ठेवलेल्या पोकळ्या मिटतात. वर्षाच्या शेवटी माती काठापासून वीतभर खाली गेलेली दिसते ना? ती कुठे पळालेली नसते. ती दबलेली असते. आणि आमचा गाळ तर मुळातच पिठासारखा बारीक. खालाला मी ती लादी दाखवायला वर बोलावलं तेव्हा तिने एका वाक्यात सांगितलं: भात मोकळा असला की दाणा दाणा वेगळा, दाबला की लगदा. मग थोडं थांबून तिने विचारलं, ''मतलब मेरे हात का कुसूर नै था?''

नव्हता. माझ्या हाताचा होता. फ्रिजला मी तळाशी दोन भोकं पाडली होती, तीही पेनाएवढी, आणि फ्रिज सपाट गच्चीवर टेकलेला. दोन्ही बंद.

आता काय करायचं ते सांगते. जे महत्त्वाचं आहे त्यावर जास्त वेळ घेते.

आधी भोकं. बोट जाईल एवढी, तळाला तर पाडाच, पण बाजूलाही तळापासून इंचभर वर पाडा. भांडं विटेच्या तुकड्यांवर ठेवा. दर हंगामाला तार घालून भोकं मोकळी करा, मुळं आणि गाळ तिथेच अडकतो. तळाला खडीचा थर द्यायची पद्धत आहे, ती सोडून द्या. खडीने निचरा वाढत नाही. बारीक मातीतलं पाणी मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच अडकतं, म्हणजे चिखल आणखी वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. घरी भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. पाणी गळायचं थांबलं की तोच उभा करा, आणखी पाणी गळेल. खालची ठरावीक उंची ओली राहतेच. म्हणून उथळ भांडं जास्त दलदलीचं आणि खोल भांडं जास्त मोकळं.

दुसरं, माती हलकी करणं. आता आमच्याकडे एक भाग जुनी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग भरड काहीतरी. भाताचं तूस, कोकोपीट, विटांचे बारीक तुकडे. काळ्या मातीत मूठभर वाळू मिसळून काही होत नाही. याचा आणखी एक फायदा आहे, वजनाचा. एक लिटर ओली माती दीड किलोच्या वर जाते. अर्धं पिंप म्हणजे शंभर लिटर, म्हणजे दीडशे किलोपेक्षा जास्त. अशी पिंपं गच्चीच्या मधोमध ठेवू नका, खाली भिंत किंवा तुळई असेल तिथे ठेवा, आणि इमारत जुनी असेल तर जाणकाराला विचारून.

तिसरं, उभ्या पिकात हवा देणं. यात लोक सर्वांत जास्त चुकतात. खुरपं घेऊन खोल उकरतात, मुळं तोडतात. आमच्याकडे आता एक सळई आहे, बांधकामातली, बोटापेक्षा बारीक. खोडापासून वीतभर लांब, सरळ खाली घालायची, थोडी डुलवायची, काढायची. एका पिंपात आठ-दहा ठिकाणी, तीन-चार आठवड्यांतून एकदा. त्या भोकांत चिमूट-चिमूट गांडूळखत सोडायचं, म्हणजे ती लगेच मिटत नाहीत. पण केव्हा? वाफशावर. मूठभर माती घेऊन दाबा. बोटांमधून पाणी किंवा चिखल आला तर आज हात लावू नका. ओल्या चिखलात सळई घातली की भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि तुम्ही होतं त्याहून वाईट करून ठेवता. गोळा झाला आणि अंगठ्याने ढोसल्यावर फुटला, तर कामाला लागा. गोळाच झाला नाही तर आधी पाणी द्या आणि उद्या या.

पीक निघाल्यावर झाड उपटू नका, मातीलगत कापा. मुळं आत कुजतात आणि त्यांच्या जागी आयत्या नळ्या राहतात. टोमॅटो-वांग्याच्या मुळांवर गाठी दिसल्या तर मात्र ती मुळं काढून टाका, तो सूत्रकृमीचा रोग आहे.

आणि आता आच्छादन. मातीला उघडं ठेवू नका, एवढंच त्याचं तत्त्व. पावसाचा थेंब आणि आपला तांब्या, दोन्ही उघड्या मातीला ठोकून ठोकून तिच्यावर पापुद्रा धरतात. वर पाला असला की मार तो खातो. उन्हाळ्यात ओल टिकते. खालून तो हळूहळू कुजतो आणि ते मजूर परत येतात, ज्यांच्याबद्दल मघाशी बोलले. आमच्या फ्रिजमध्ये आता गांडुळं आहेत. आम्ही सोडली नाहीत, बहुधा शेणखतातून आली असावीत.

सांगली-कोल्हापूरकडच्या पोरांनी आच्छादन विकत घेतलं तर मी त्यांच्याशी बोलणार नाही! उसाचं पाचट शेतात पेटवून देतात, मागा, पोतंभर मिळेल. रसवंतीवाल्याकडे चिपाडाचा ढीग असतो. दोन दिवस कडक वाळवा, नाहीतर गोडव्याने मुंग्या येतात, मग बोटभर तुकडे करा. शेंगांची टरफलं चालतात, वाळका पाला चालतो. दोन-तीन इंचांचा थर, खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी. खोडाला चिकटवलं तर खोड कुजतं. हे सुकं सामान वर पसरायचं, मातीत कालवायचं नाही. कालवलं तर ते कुजवणारे जीवाणू मातीतला नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं. ओल्या भाज्यांची सालं थेट पसरू नका, चिलटं होतात. पावसाळ्यात थर निम्मा करा, पण काढून टाकू नका. दर आठ दिवसांनी हाताने उचलून खाली गोगलगायी बसल्यात का बघा. आमच्याकडे हे काम लहान मुलं फार आवडीने करतात.

पाण्याचंही सांगून टाकते. आच्छादन घातल्यापासून उन्हाळ्यात रोजऐवजी एक दिवस आड पाणी पुरतं, तेही घरातल्या वुजूच्या पाण्यातून बरंचसं भागतं. बेसिनऐवजी टबात वुजू करायचा, टब वर न्यायचा. त्यात साबण नसतो, म्हणून झाडांना चालतं. कपडे धुतलेलं पाणी नको.

सुभाष पाळेकरांच्या शेतीबद्दल तुम्ही ऐकलं असेल. त्यांच्या चार सूत्रांपैकी दोन म्हणजे आच्छादन आणि वाफसा. त्यांचे सगळे दावे मला पटत नाहीत, पण ही दोन मी गच्चीवर तपासून पाहिली आहेत. आणि आपल्याकडच्या काही मुलांना वाटतं की शेती-माती हे काही आपलं नाही, आपण गॅरेज आणि फॅब्रिकेशनवाले. त्यांच्यासाठी एक नाव: इब्न अल-अव्वाम. बाराव्या शतकातला सेव्हिलचा, स्पेनमधला. 'किताब अल-फिलाहा' हा त्याचा शेतीवरचा मोठा ग्रंथ. तो झाडांपासून सुरू होत नाही. आधी माती, मग खत, आणि झाडं त्यानंतर. शिवाय, गॅरेजवाल्याइतकी चांगली भोकं पिंपाला कोण पाडणार?

एक गोष्ट राहिली, ती तुम्हाला कदाचित आवडणार नाही. त्या पहिल्या रविवारी वीस जण आले होते. दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये कोणी आलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. परीक्षा, नोकऱ्या, कोरोना, सगळं होतं. पण मीही बोलावलं नव्हतं. बाग एकदा भरली की झाली, असंच मला वाटत होतं. आता गच्चीच्या दारावर एक कागद आहे. प्रत्येक भांड्याला नंबर, प्रत्येक नंबरापुढे एक नाव, आणि त्यापुढे तीनच रकाने: भोकं, सळई, पाचट. ज्या दिवशी केलं ती तारीख टाकायची. सव्वीसऐवजी आता चौदाच भांडी आहेत, कारण चौदाच नावं मिळाली. रिकामी पिंपं भंगारात दिली.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. खाला पुन्हा आमच्याकडे. या वेळी ती आदल्या दिवशीच सामान वर हलवून आली होती. चार-पाच दिवस भाजी मंडई बंद. पावसाळ्याचे दिवस होते, गच्चीवर फार काही नव्हतं: अळू, मिरची, कढीपत्ता. पण होतं ते उभं होतं, कुजलं नव्हतं. खालाने अळूच्या वड्या केल्या आणि मला म्हणाली, फ्रिजमधलं पाचट पातळ कर, ओल फार धरलीय. मला!

आता डब्यांकडे या. हा उजवीकडचा आमच्या आताच्या मातीचा. परातीत पाणी आलंय, वर पाचट फक्त ओलं दिसतंय. हा डावीकडचा. यात मुद्दाम जपून ठेवलेली त्या वर्षीची माती आहे. पाणी ओतून किती वेळ झाला? पंचवीस मिनिटं. पुढच्या रांगेतल्यांनी उठून बघा, पाणी अजून वरच आहे. बोट घाला. हो, घाला, धुवायला पाणी आहे. मग दुसऱ्यात घालून बघा.

सळई मी आणलीय. कोणाला डाव्या डब्यावर हात चालवायचा असेल त्याने आज नाही, परवा. आज तो चिखल आहे.